पिंगळीच्या माणसासाठी समुद्र

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची रीत आहे. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणाऱ्या पिंगळीसारख्या छोट्या स्टेशनावरच्या माणसाचा समुद्राशी रोजचा संबंध एवढाच. आमच्या भागापासून सर्वात जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेतसुद्धा चारशे किलोमीटरवर आहे. आमचं पाणी तर उलट्याच दिशेने वाहतं. ते पूर्णेला मिळतं, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचा समुद्र गाठायचा तर सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून घाट उतरावा लागतो.

याला इतिहासाचीही जोड आहे. परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याला किनाराच नव्हता. निजामाला याची खंत होती. १९४७ च्या सुमारास त्याने गोव्याच्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगीजांशी बोलणीही चालवली होती. ती फळाला आली नाहीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलेली हैदराबाद–मनमाड रेल्वे हीच आमची मुंबईकडे, म्हणजे समुद्राकडे जाणारी वाट. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि सातशे किलोमीटरहून लांबीचा किनारा कागदोपत्री आमचाही झाला. मनातून तो आमचा व्हायला अजून अवकाश आहे. मराठवाड्यातून दरवर्षी शेकडो कुटुंबं सुट्टीत कोकणात जातात, तरणी पोरंपोरी नोकरीसाठी तिथे राहतात, आणि त्यातल्या बहुतेकांना समुद्राबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख. गाव म्हणून मी रत्नागिरी निवडलं आहे. आमच्याकडून तिथे जाणारा आणि तिथे राहणारा माणूस बराच आहे, आणि शहर अजून पायी समजून घेता येईल एवढंच आहे.

जायच्या वाटा दोन. रेल्वेने जायचं तर पिंगळीहून पॅसेंजरने किंवा रिक्षाने परभणी गाठावी. नांदेड–पनवेल एक्स्प्रेस परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे अशी पनवेलला जाते, आणि पनवेल हे कोकण रेल्वेच्या गाड्यांचं हक्काचं थांबण्याचं ठिकाण आहे. मांडवी, कोकणकन्या, तुतारी या गाड्या तिथे मिळतात. मुंबईच्या गाडीने ठाणे गाठून तिथून कोकणची गाडी धरणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही गाड्यांच्या मध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवाच, कारण आमच्या मार्गावरची गाडी वेळेवर पोहोचेल असं धरून पुढचं तिकीट काढणं म्हणजे म्हाताऱ्या माणसांना फलाटावर रात्र काढायला लावणं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, तेही बघून घ्यावं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपती आणि शिमगा हे कोकणी माणसाचे घरी जायचे दिवस, तेव्हा त्या गाड्यांवर आपण हक्क सांगू नये आणि जागाही मिळत नाही.

रस्त्याने जायचं तर लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. हाच नागपूर–रत्नागिरी महामार्ग. वाटेत तुळजापूर येतं आणि पंढरपूर थोडक्यात बाजूला राहतं, त्यामुळे आमच्याकडचं कुटुंब देवदर्शन उरकूनच पुढे जातं. यात काही वाईट नाही, फक्त त्या नादात आंबा घाट अंधारात उतरायची वेळ येऊ देऊ नये. साखरप्याच्या बाजूने घाट उतरतो. पावसाळ्यात धुकं आणि दरड दोन्ही असतात. २०२१ च्या जुलैत तिथला रस्ता खचून अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती. एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ पासून आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. आजीला समुद्र दाखवायचा राहिला असेल, तर पैशांची अडचण पूर्वीएवढी उरलेली नाही.

रत्नागिरीचं स्टेशन गावात नाही, कुवारबावला आहे. तिथून शहरात यायला रिक्षा किंवा बस. मारुती मंदिराच्या चौकापाशी आलात की गाव हाताशी येतं. उतरल्या उतरल्या समुद्राकडे धावू नका. आधी एक गोष्ट शिका, आणि ती शिकायला लागणारं साधन तुमच्या घरच्या भिंतीवर टांगलेलं आहे.

भरती-ओहोटी तिथीवर चालते. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण त्या वेळेला पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही तीच वेळ, रात्रीही तीच. पक्ष शुक्ल की कृष्ण, याने फरक पडत नाही. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, बंदरागणिक थोडंफार मागेपुढे होतं, नेमकी वेळ स्थानिकांना विचारावी. पण पेरणीपासून लग्नापर्यंत सगळं पंचांगावर चालवणाऱ्या माणसाला हा हिशेब एका दमात कळतो. शहरातल्या पर्यटकाला मोबाइल उघडावा लागतो. आपल्याला कॅलेंडरचं पान पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर भांगाचे दिवस धरून जावं. आमच्याकडे सहली नेमक्या पौर्णिमेला काढतात, चांदणं असतं म्हणून. समुद्राच्या दृष्टीने तो सगळ्यात जोराचा दिवस असतो.

यापुढचं मी जरा कळकळीने सांगतो, कारण लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. आमच्याकडची मुलं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून, काका किंवा मोठा भाऊ काठावरून ढकलतो आणि चार दिवसांत पोरगं मुटके मारायला लागतं. हे पोहणं खरं आहे, पण ते थांबलेल्या पाण्यातलं आहे. विहिरीत दमलात तर दोन हात मारले की कपार सापडते. पाणी तुम्हाला कुठे घेऊन जात नाही. समुद्राचं पाणी घेऊन जातं. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने आत ओढलं जातं. पंचाईत ही की ही जागा वरून सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत. नवखा माणूस लेकरांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. पायाखालची वाळू सरकली आणि ओढ लागली, की विहिरीत पोहणारा तरणा गडी किनाऱ्याकडे तोंड करून सगळा जोर लावतो, आणि तिथेच दमून संपतो. अशा वेळी किनाऱ्याकडे पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. तो पट्टा रुंदीला थोडाच असतो. पट्ट्याच्या बाहेर आलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहून हात वर करायचा. आणि बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याने तशीच उडी घेऊ नये. दोर, रिकामी घागर, टायरची ट्यूब, जे तरंगेल ते फेकावं.

२०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी हा काही वादळाचा महिना नव्हे. आभाळ स्वच्छ असलं की समुद्र शांत असतो, हा समज कोरडवाहू मुलखातल्या माणसाचा आहे.

आता रत्नागिरीच्या जागा. गणपतीपुळ्याला आमच्याकडचं प्रत्येक कुटुंब जातंच. देऊळ थेट समुद्रावर आहे, दर्शन झालं की पायऱ्या उतरून पाण्यात जायचा मोह होतो. तो किनारा उताराचा आहे, ओढ जबर आहे, तिथे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. आरे-वाऱ्याचा किनारा वरच्या रस्त्यावरून फार देखणा दिसतो. तो वरूनच बघावा. शहराला लागून असलेला भाट्याचा किनारा लांब, सपाट आणि सुरूच्या बनाचा आहे. संध्याकाळी चालायला, लेकरांना वाळूत खेळवायला तो चांगला. तिथेही काजळी नदीच्या मुखापासून लांब राहावं. ओहोटी लागली की खाडीचं पाणी मुखातून सुसाट बाहेर पडतं. मांडवीची वाळू काळसर आहे, मिऱ्याकडच्या बाजूला पांढरी. म्हणून काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी नावं पडली आहेत. गाडी वाळूत घालू नका, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण दर मोसमात भरतीत अडकलेल्या गाड्या ओढून काढाव्या लागतात.

समुद्राच्या जोडीने बघण्यासारखं गावात बरंच आहे: रत्नदुर्गावरचं भगवतीचं देऊळ, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये बांधलेलं पतितपावन मंदिर. मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवतो तो थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, त्याची राजधानी मंडाले, समुद्रापासून शेकडो मैल आत. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, कारण तेव्हा इथे रेल्वे नव्हती आणि पळून जाणं अवघड होतं. हा राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आतल्या मुलखातल्या माणसाने तीस वर्षं या किनाऱ्यावर काढली आणि परत जायची परवानगी त्याला मिळाली नाही. राजवाड्यात गेलात तर वरच्या मजल्यावरून खाडीकडे बघा आणि जरा वेळ उभे राहा.

जेवणाचं. माळकऱ्यांच्या घरातून पहिला प्रश्न हाच येतो की कोकणात मासे सोडून काही मिळतं का. भरपूर मिळतं. घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, सोलकढी. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगितलं की ते वेगळ्या भांड्यात करून देतात. ज्वारीची भाकरी मात्र सहसा मिळत नाही, तिथे भाकरी तांदळाची. ज्यांना ज्वारीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी पीठ सोबत न्यावं, घरची बाई करून देते आणि स्वतःही चवीने खाते. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत ताजी सुरमई मागून हॉटेलवाल्याला पेचात टाकू नये. ऑगस्ट उजाडला, नारळी पौर्णिमा झाली, की मिरकरवाडा बंदर पुन्हा गजबजतं.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि अंगारकी टाळावी. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर आणि रत्नागिरीत तेहतीस-चौतीस, म्हणून लोक थंडाव्याला म्हणून निघतात आणि घामाने बेजार होतात. हवेतच एवढा दमटपणा की घाम वाळत नाही. आमच्या घराघरात चालणारा कूलर तिथे निरुपयोगी ठरतो, कारण तो कोरडी हवा ओली करून थंड करतो आणि तिथली हवा आधीच ओली असते.

आता राहणाऱ्यांबद्दल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या प्राथमिक शाळांत परभणी, बीड, लातूर, नांदेडचे शिक्षक किती आहेत हे तिथल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकशी केली तर कळतं. पवित्र पोर्टलवरून नेमणूक आली, नकाशात गाव शोधलं आणि ट्रंक उचलून निघाले, अशी ही पोरं. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. २०२३ पासून प्राथमिकचं मानधन सोळा हजार आहे. त्यात भाडं, जेवण, गावी पाठवायचे पैसे आणि वर्षातून दोन-तीनदा घरी जायचं भाडं. त्यांच्याविषयी स्थानिक डीएडधारकांची नाराजीही आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यात जागा असून बाहेरचा येतो आणि संधी मिळताच आंतरजिल्हा बदलीने परत जातो, मागे शाळा रिकामी, हे कोणत्याही पालकाला सलेल. जो जाईल त्याने निदान ती वर्षं मनापासून द्यावीत.

त्याला पहिला धक्का बसतो तो गावाचा. आमचं गाव म्हणजे एकाला एक लागून घरं, मध्ये पार, आणि भोवती वावरं. तिथे एक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या दहा-बारा वाड्या. शाळा एका वाडीत, दुकान दुसऱ्या वाडीत, मधे ओढा आणि त्यावर साकव. शेवटची एसटी चुकली की चालणं. म्हणून पुष्कळजण शहरात, नाचण्याला किंवा कुवारबावला खोली घेतात आणि दुचाकीने जातात. खोली बघायची ती शक्यतो पावसात बघावी. उन्हाळ्यात सगळी घरं चांगली दिसतात. भिंतीला ओल कुठवर चढते, छप्पर कुठे गळतं हे जुलैत कळतं. परभणीत वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत त्याच्या तीन-साडेतीनपट. आमचं वर्षभराचं पाणी तिथे एका महिन्यात पडून जाऊ शकतं. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, पुस्तकं फुगतात. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घट्ट झाकणाच्या डब्यात, डांबरगोळ्या घालून ठेवाव्यात. दुचाकीची साखळी आणि नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याने गंजतात, तेलाचा हात वरचेवर फिरवावा. तिथले लोक पावसाआधी आगोट भरून ठेवतात: तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, कोकम, सरपण. नवख्यानेही निदान पंधरा दिवसांचा शिधा, मेणबत्त्या, बॅटरी आणि थोडी रोकड घरात ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नसली की मोबाइलवरून पैसे देणंही बंद पडतं.

एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यात टँकर फिरतात, यावर आमच्या माणसाचा विश्वास बसत नाही. जांभा दगड पाणी धरत नाही आणि उतारावरून ते बघता बघता समुद्राला मिळतं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना एक कळशी कशी पुरवायची हे कोणी शिकवायला नको. वाडीत विहिरीवर नंबर लावताना ही सवय उपयोगी पडते, आणि वाडीतल्या बायकांच्या ती लक्षातही येते.

पायात बूट आणि रात्री हातात बॅटरी, हे तिथे सक्तीचं समजावं. फुरसं हा साप आकाराने लहान, जांभ्याच्या दगडांत दडणारा आणि विषारी. चावला तर मांत्रिक नाही, बांधाबांध नाही, सरळ सरकारी रुग्णालय. लाल विंचवाचंही तेच. इथे डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे आमच्याच कोरड्या मुलखातले. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला गेले. विंचू चावलेली लेकरं डोळ्यांसमोर जाताना बघून त्यांनी रात्री रात्री रुग्णाशेजारी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्या नोंदी 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बदलीची वाट बघत बसण्याऐवजी ज्या गावात आहोत त्या गावाचं दुखणं हातात घेतलं, तर आतल्या मुलखातला माणूस किनाऱ्याला काय देऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्याजवळ नाही.

शिकायला जाणाऱ्या पोरांसाठीही एक वाट आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ दोन्ही १९७२ ची. दापोलीच्या अखत्यारीत रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तिथलं शिक्षण समुद्रापुरतं नसतं, गोड्या पाण्यातली मत्स्यशेतीही शिकवतात. आमच्याकडे शेततळी झाली आहेत, येलदरी, लोअर दुधनासारखी धरणं आहेत, आणि मासे पाळण्याचं शास्त्र जाणणारी माणसं हवी तेवढी नाहीत. बारावी विज्ञान झालेल्या पोराने फक्त अभियांत्रिकीचे अर्ज न भरता या महाविद्यालयाचा अर्जही भरावा.

परत येताना आंब्याची पेटी आणायची तर 'कोकण हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा महामार्गावरच्या टपरीपेक्षा बागायतदाराकडून घ्यावी. आंबा पिकलेला नाही, तयार होत आलेला घ्यावा, भाताच्या पेंढ्यात घालून. आमच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत तो ठेवू नये; माळवदाच्या घरात, खालच्या थंड खोलीत आठ-दहा दिवस लागतात.

आणि तिथल्या शेजाऱ्याला, घरमालकाला, शाळेतल्या सोबत्याला आपल्याकडे बोलवावं. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर येते तेव्हा. पनवेलहून नांदेडची गाडी धरली की परभणीला उतरायचं, तिथून पिंगळी जवळच. थंडीचे कपडे मात्र आणायला सांगा, कारण परभणीचा पारा काही वर्षी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि रत्नागिरीच्या माणसाकडे स्वेटर असेलच असं नाही.